तीस मीटरची नांगरट

वर्गात ‘गोतावळा’ शिकवताना एक जागा अशी येते, की तिथे दरवर्षी आमचा आवाज आपोआप खाली उतरतो. आनंद यादवांची ही कादंबरी १९७१ सालची. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा तिचा निवेदक. मळ्यातली गुरेढोरे, कुत्री, पाखरे हेच त्याचे गणगोत. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि हे गणगोत एकेक करून उठून जाऊ लागते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, एक ठाण्याला आणि एक कल्याणला. पंधरा-सोळा वर्षांत दोघांनी मिळून ही कादंबरी किती वर्गांपुढे मांडली असेल, याचा हिशेब नाही. ‘यंत्रसंस्कृतीच्या आक्रमणाचे चित्रण’ या प्रश्नाचे मुद्दे आम्हांला झोपेतही सांगता येतील. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आम्ही बागेसाठी विजेवर चालणारा टिलर विकत घेतला, तेव्हा ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानावर घालावी की नाही, यावर घरात बराच खल झाला. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर शेवटी घातली.

कल्याणच्या वर्गात मुरबाडकडची एक विद्यार्थिनी होती. घरी भातशेती. तिने शांतपणे विचारले, “म्हणजे वायरवाला नांगर?” वर्ग हसला. हसू ओसरल्यावर तिनेच पुढे विचारले, “पण मॅडम, शेतात प्लग कुठे असतो?”

प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर नव्हते. शेतात वीज असते ती विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या पंपापुरती, आणि तीही ठरलेल्या तासांची. आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून पाणी धरायला जाणारा शेतकरी महाराष्ट्राला नवा नाही. वायर लावून चालवायचा नांगर तिथेच शक्य, जिथे जमीन घराच्या भिंतीपासून चार ढांगांत संपते. आमची जमीन तशी आहे. तीस मीटर वायर तिला पुरून उरते.

डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी विभागात आमचे बैठे घर आहे. मागच्या पिढीने ऐंशीच्या दशकात बांधलेले. मागे साधारण सहाशे चौरस फूट मोकळी जागा. तिच्यात एक रायवळ आंबा, दोन शेवगे, कढीपत्ता, अनंत, आणि मध्ये पावसाळी भाजीचे वाफे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात डोंबिवलीच्या शिवारात कारखाने उभे राहू लागले. त्याआधी इथे भाताची खाचरे होती. आजही पहारीने दीड-दोन फूट खाली गेले, की वरच्या भरावाचा तांबूस मुरूम संपतो आणि काळी, चिकट, हाताला थंड लागणारी माती लागते. ती खाचराची माती. आम्ही तिच्यावर राहतो एवढेच. तिची आमची ओळख आबांमुळे झाली.

आबा जवळच्याच एका आगरी गावातले. दरवर्षी मृगाच्या तोंडावर ते स्वतःचे फावडे आणि टिकाव घेऊन येत, दोन दिवस बाग खणून देत, ढेकळे फोडून वाफे बांधून देत आणि मजुरी घेऊन जात. दुपारी आमच्याकडे जेवत, पण ताट मागच्या पायरीवरच मागत. आत या म्हटले तर “पाय चिखलाचं हायेत” म्हणत. आमची जागा पूर्वी त्यांच्याच भावकीतल्या कुणाच्या खाचरात होती, असे त्यांच्या बोलण्यात एक-दोनदा आले होते. आम्ही खोलात गेलो नाही. खोलात जाणे आम्हांला सोयीचे नव्हते.

२०२२ च्या जूनमध्ये खणताखणता ते मध्येच थांबले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे असतील. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्या रात्री आम्ही ठरवले, की पुढच्या वर्षी त्यांना हे काम सांगायचे नाही. एका म्हाताऱ्या माणसाने आमच्या भेंडी-गवारीसाठी घाम गाळावा, हे बरे दिसत नाही. या विचारात दया होती, हे आम्ही नाकारणार नाही. पण ‘दिसत नाही’ या शब्दांत बाकीचे बरेच काही होते. मजुरी दरवर्षी वाढत होती. आबांच्या सोयीने आमचे दिवस ठरत होते. आणि मागच्या पायरीवर बसून ते जे जुने शिवार सांगत, इथे बांध, तिथे ओहोळ, त्या कोपऱ्यावर आंबा, ते ऐकताना आम्हांला उगीचच भाडेकरू असल्यासारखे वाटे. हे सगळे आम्ही एकमेकांशी बोललो. आबांशी बोललो नाही.

यंत्र आले ते चौदाशे वॅटचे. वर दोन्ही हातांनी धरायचा दांडा, मध्ये मोटार, खाली आडव्या आसावर बसवलेली वाकडी पोलादी पाती. ही पाती मातीत फिरतात, तिला फोडतात आणि त्याच झटक्याने यंत्राला पुढे ओढतात. म्हणजे ढकलण्यापेक्षा रोखून धरण्याचे काम अधिक. यंत्र सुरू करायचे तर आधी एक कळ दाबून ठेवायची आणि मग दांड्याखालचा खटका ओढायचा. हात सुटला की यंत्र बंद. त्याची स्वतःची वायर वीतभरच. पुढची जोडवायर आपण आणायची, आणि ती खांद्यावरून पाठीमागे टाकून, प्लगच्या बाजूकडून दूर दूर जात नांगरायचे. माहितीपत्रकात हे चित्रासह दिले होते. ओल्या मातीत आणि पावसात चालवू नये, हेही दिले होते. आम्ही माहितीपत्रके वाचणाऱ्यांतले आहोत. वाचूनही काय करतो ते पुढे येईलच.

त्याआधी वायरमन. घर जुने म्हणून आम्ही त्याला बोलावले. मागच्या पडवीतल्या प्लगमध्ये त्याने टेस्टर घातला, बोर्ड उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, “सर, याला अर्थच नाही.”

मराठीच्या दोन अध्यापकांना हे वाक्य ऐकवण्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी आला नसावा. आम्ही हसलो; त्याला कारण कळेना. तो समजावून सांगू लागला. टिलरला दुहेरी आवरण आहे, पिना दोनच आहेत, म्हणून त्याला अर्थिंगची तार लागत नाही. पण घराला अर्थिंग हवेच. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोर्डात ईएलसीबी बसवा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी ती कळ निमिषात वीज तोडते. फरक पडला याचा अर्थ वीज भलत्या वाटेने जमिनीत चालली आहे, आणि ती वाट बहुधा माणसाच्या अंगातून जाते. तुमच्या प्लगला अर्थ नसला तरी बागेतली ओली माती हाच मोठा अर्थ आहे, असे तो म्हणाला. हे वाक्य आम्ही लिहून ठेवले. तेव्हा ते आम्हांला भाषेच्या अंगाने आवडले होते.

अर्थिंगसाठी बागेच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात धातूचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरले. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतायचे. ज्या मातीत भाजी लावायची तिच्याच एका कोपऱ्यात अर्धे पोते मीठ पुरून आम्ही नांगरणीची सिद्धता केली. तो कोपरा अजून बोडका आहे.

पहिला प्रयोग मेच्या अखेरीस, कोरड्या मातीत. अनुभव अपमानास्पद होता. पाती तापल्या जमिनीवर टणाटण उड्या मारीत आणि आम्ही दांड्याला लोंबकळत त्यांच्यामागे धावत होतो. आदल्या रात्री पाणी सोडून दुसऱ्या सकाळी पुन्हा धरले, तेव्हा मात्र माती फुटू लागली. आबांना जिथे अर्धा दिवस लागे ती पट्टी वीस मिनिटांत भुसभुशीत झाली. अशा वेळी मनुष्याला जो माज येतो तो आम्हांलाही आला. चौदाशे वॅट म्हणजे तासाला दीड युनिटसुद्धा नाही, असे हिशेब आम्ही एकमेकांना ऐकवले. फावड्याने जे आपल्या वेगाने, एकेक करून वर येते, ते यंत्राने एकदम वर आणले. विटांचे तुकडे, मंगलोरी कौलाची खापरी, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, एक गंजलेली बिजागरी, आणि काचा. हिरवट छटेच्या, पातळ, पाच-सात काचा. त्या कुठल्या हे ओळखायला वेळ लागला नाही. २६ मे २०१६ रोजी इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा दूरदूरच्या घरांच्या खिडक्या फुटल्या; आमच्या मागच्या खिडकीची काच बागेत पडली होती. आम्ही ती वेचली होती. सगळी वेचली, असे समजत होतो. (पुढे २०२४ च्या २३ मेला पुन्हा असाच स्फोट झाला. बागेची तयारी सुरू करायचे दिवस आणि आमच्या गावाचे स्फोटांचे दिवस हे असे एकाच आठवड्यात येतात.)

नांगर आणि मराठी वाङ्मय यांचा संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला शेतकरी धजेनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि त्या कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी, विक्रेत्यांसाठी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. आपण एम. ए.ला ज्या नियतकालिकांवर टिपा लिहिल्या, त्यांचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात आहे. आणि लोखंडाने जमीन बिघडते हा समज आम्ही वर्गात अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत आलो. त्यात विषाचा भाग चुकीचा होता. पण अवजार बदलले की जमिनीचे काहीतरी बदलते, ही शंका तितकी हसण्यासारखी नव्हती, हे आम्हांला लव्हाळ्याने शिकवले.

लव्हाळा म्हणजे तुकोबांचा तोच. पुरात वृक्ष जातात आणि हा वाचतो, म्हणून नम्रतेचे उदाहरण. आम्हीही तो तसाच शिकवला. बागेत मात्र हा प्राणी नम्र नाही. वर तीन धारांचा दांडा आणि गवतासारखी पाती, खाली काळ्या गाठींची माळ. एक गाठ उपटली तर तिच्या पलीकडच्या गाठी मातीत सुखरूप. आबा तो खुरप्याने उपटत नसत. फावड्याने खोल जाऊन अख्खी माळ काढीत आणि भिंतीच्या कठड्यावर उन्हात टाकीत. आम्ही टिलर फिरवला आणि पात्यांनी त्या माळा तोडून तोडून गाठी साऱ्या वाफ्यांत सारख्या पसरून दिल्या. माळेत असताना टोकाची गाठ फुटते आणि मागच्या निजून राहतात. सुटी झालेली प्रत्येक गाठ फुटायला मोकळी. जूनअखेरीस पाऊस पडल्यावर आठवडाभरात आमचे वाफे असे दाट हिरवे झाले, की शेजाऱ्यांनी कौतुकाने विचारले, काय पेरलेत?

त्या वर्षी पाऊस लांबला होता. मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोहोचला आणि मग आला तो धो धो. आम्ही बियाणे आणून ठेवले होते. भेंडी, गवार, पडवळ, घोसाळी. कॉलेजे सुरू झालेली. हाताशी फक्त रविवार. लव्हाळ्याने व्यापलेले वाफे पुन्हा एकदा फिरवून घ्यावेत आणि लगेच पेरावे, असे ठरले. तो रविवार होता २ जुलै, गुरुपौर्णिमेचा आदला दिवस.

सकाळी नऊच्या सुमारास मागच्या फाटकाची कडी वाजली. आबा. खांद्यावर फावडे आणि टिकाव. मृग उलटून गेला, आमचा निरोप आला नाही, तेव्हा आजारपण वगैरे आहे की काय ते पाहायला आले होते. आमच्या हातात यंत्र होते. लपवण्याजोगे ते नव्हते.

ते काही बोलले नाहीत. पायरीवर बसले, यंत्राकडे पाहिले, पाती वाकून पाहिली, वायर कुठून कुठे गेली आहे ते नजरेने पाहिले. मग उठून वाफ्यातली मूठभर माती उचलली, मुठीत दाबली आणि हात उघडला. मातीचा लाडू तसाच राहिला, बोटांचे ठसे घेऊन.

“मास्तर, माती अजून वली हाय. वाफसा येवू द्या.”

वाफसा. हा शब्द आम्ही शिकवतो. ग्रामीण साहित्याच्या तासाला फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारतो. पावसाने भिजलेल्या जमिनीतले जास्तीचे पाणी निथळून गेले, पण ओल राहिली, माती औताला चिकटत नाही आणि धूळही होत नाही, मुठीत दाबून सोडली तर पडताच फुटते, ती स्थिती. शब्दाचे सौंदर्य सांगताना, याला दुसऱ्या भाषेत नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण, हेही आम्ही अभिमानाने जोडून देतो. त्या दिवशी तो शब्द एक माणूस आम्हांला मराठीतूनच, आमच्याच बागेत, हातात माती घेऊन सांगत होता, आणि आम्ही त्याला म्हणालो, “आबा, आम्हांला आजचाच दिवस आहे.”

आणि पुढे जे म्हणालो ते अधिक वाईट. आले आहेत तर त्यांना मोकळ्या हाताने कसे पाठवायचे, म्हणून आम्ही सुचवले, की तुम्ही फक्त वायर धरा. मागे मागे चालत ती पात्यांपासून दूर ठेवा. मजुरी नेहमीची. हे बोलताना आपण मोठा सोयीचा आणि उदार मार्ग काढला, असे आम्हांला वाटत होते. आबांनी फावडे भिंतीला टेकवले आणि वायर उचलली.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आमच्या पायांत गुडघाभर रबरी बूट होते. यंत्राबरोबर घेतलेले, वायरमनने बजावले म्हणून. आबा अनवाणी होते. चिखलात ते नेहमीच अनवाणी असत. आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात त्या वेळी ही तुलना आली नाही.

ओल्या मातीत पाती फिरली तेव्हा माती फुटली नाही, मळली गेली. कणकेचे गोळे व्हावेत तशी ढेकळे पात्यांना चिकटून फिरू लागली. यंत्र जड झाले, एका बाजूला ओढू लागले. दुसऱ्या फेरीच्या वळणावर ते अचानक आडवे गेले आणि पात्यांनी वायर घेतली. घेतली हाच शब्द बरोबर आहे. एका क्षणात हातभर वायर आसाभोवती गुंडाळली गेली. टप असा आवाज झाला, पडवीतला पंखा थांबला, घरातला रेडिओ थांबला. आबांच्या हातात वायरचे मागचे टोक होते आणि कापलेला भाग त्यांच्या पायांपासून दोन फुटांवर, चिखलात पडला होता. आतली तांब्याची तार दिसत होती.

त्यांना काही झाले नाही. त्यांना धक्कासुद्धा जाणवला नाही. ईएलसीबीने तीस मिलिअँपिअरचे आपले काम केले होते. ती कळ बसवून घ्यायला आम्ही महिनाभर टंगळमंगळ केली होती. बसवली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे मेमधला सगळा प्रयोग तिच्यावाचून झाला होता, आणि निरोप न मिळाल्याने आबा तेव्हा चौकशीला आले असते तर, हा ‘तर’ पुढे अनेक रात्री आम्हांला जागे ठेवून गेला.

आबांनी हातातले टोक खाली ठेवले. “गेली काय लाइट?” एवढेच म्हणाले. आम्ही काही तरी बोललो, माफी मागितली असावी; ती त्यांना नीटशी समजली असे वाटले नाही, कारण काय घडू शकले असते ते त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. चहा झाला. ते फावडे घेऊन निघाले. मजुरी पुढे केली तर म्हणाले, “काम कुठं झाला?” आणि घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांच्याही वर्गांत गुरुपौर्णिमा झाली. फुले मिळाली, पेने मिळाली, एका विद्यार्थ्याने छोटेसे भाषणही केले. मातीशी नाळ जोडणारे शिक्षक, असा एक शब्दप्रयोग त्यात होता. तो आम्हीच कधीतरी वर्गात वापरलेला असणार.

मळलेली माती वाळली ती विटेसारखी. चार दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा वरचा थर कडक झाला, भेगा पडल्या. त्याखाली, पाती जिथवर पोहोचत होती तिथे, एक दडस थर बसला. पाणी खाली जाईना. त्याच मातीत यंत्राने कापलेली गांडुळे आम्ही त्या सकाळीच पाहिली होती आणि पाहून न पाहिल्यासारखे केले होते. डार्विनचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर आहे, १८८१ सालचे. इंग्लंडच्या कित्येक भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यात त्याने मांडला, आणि माणसाच्या नांगराच्या कितीतरी आधीपासून जमीन नांगरली जात आली आहे, हे दाखवले. आमच्याकडचे उदाहरण हवे तर कल्याणहून कर्जत लोकलने नेरळला उतरावे. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत रुजवली. तिच्यात एकदा गादीवाफे केले, की पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि गांडुळांना त्यांचे काम करू द्यायचे. आमच्या मुरबाडच्या विद्यार्थिनीला ती माहीत होती. तण आवरायला तिच्यात तणनाशक मारावे लागते, ही अडचणही तिनेच सांगितली. घरी अजून राब भाजतात आणि चिखलणीला भाड्याचा पॉवर टिलर आणतात, डिझेलचा. तिला कुठल्याच बाजूने भाषण करायचे नव्हते. मजूर मिळत नाहीत, बैल परवडत नाहीत, एवढे तिने सांगितले आणि विचारले, की परीक्षेत हे लिहिले तर चालेल का. ‘गोतावळा’च्या उत्तरात.

चालेल, असे तिला सांगितले. मग घरी येऊन आमचे जुने मुद्दे पुन्हा वाचले. ट्रॅक्टर आला आणि जनावरे गेली, हे त्यांत ठळक होते. मालकाने तो निर्णय कुठल्या खिडकीत उभे राहून घेतला असेल, याबद्दल एक ओळही नव्हती. इतकी वर्षे आम्ही वर्गाला नारबाच्या शेजारी नेऊन बसवत होतो आणि स्वतःही तिथेच बसत होतो. आमची खरी जागा कादंबरीत दुसरीकडे होती.

पुढच्या शनिवारी आम्ही आबांच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत प्रथमच. गावठाणातले घर, पुढे चार मजली इमारत, मागे जुनी कौलारू पडवी, आणि पडवीमागे पाच-सहा हातांची मोकळी पट्टी. तिच्यात मिरच्या होत्या, अळू होते आणि एका कडेला दुधीचा वेल नुकता वर चढू पाहत होता. वायरबद्दल आम्ही त्या दिवशी सगळे सांगितले. बुटांबद्दलही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, मी दुखतंय असं कदी बोललू काय?” नाही म्हणालो. “मग?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्यांच्या सुनेने चहा आणला. आतल्या खोलीतून. आम्हांला आत बोलावले होते, पण आमचेच पाय चिखलाचे होते, म्हणून आम्ही पडवीतच बसलो.

आठवड्याने ते आले. मूठभर माती दाबून खाली टाकली, फुटली. दडस थर टिकावाने फोडायला एक दिवस लागला, त्यात निम्मे काम आम्ही केले आणि त्या निम्म्या कामाने आमची पाठ चार दिवस धरली. लव्हाळ्याच्या गाठी मात्र अजून निघताहेत. त्या वर्षी भेंडी उशिरा लागली आणि बेताचीच लागली. गवार आलीच नाही.

टिलर आम्ही विकला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेणखत कोरडे असताना एकत्र कालवायला तो चांगला उपयोगी पडतो, फरशीवर, मातीपासून दूर. वायर मात्र नवी घेतली. वायरमनने जुन्या वायरला जोड देण्यास साफ नकार दिला. बागेत जोडाची वायर चालत नाही म्हणाला. कापल्या जागी तिचे दोन तुकडे झाले होते, एक बावीस मीटरचा आणि एक आठेक मीटरचा. मोठा तुकडा त्याने नेला. छोटा आबांनी मागून घेतला. दुधीच्या मांडवाला सुतळी दोन पावसांत कुजते, ही कुजणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी तो हातात तोलून पाहिला, आतले तांबे पाहिले आणि मीटरला काय भाव पडला ते विचारले. आम्ही सांगितला. बराच वेळ त्यांनी मान हलवली, आणि मांडवाला अर्धाच पुरेल, बाकीचा भंगारात घालतो, असे म्हणून तो खांद्याला अडकवून निघाले.